संशोधनाच्या नकाशातली मोकळी जागा

फोंड्याहून एका संशोधक विद्यार्थिनीने विचारलं आहे: "माझा पीएच.डी.चा विषय गोव्यातली खाजन शेती आणि गावकारी, म्हणजे कोमुनिदाद व्यवस्था. लिटरेचर रिव्ह्यूसाठी कनेक्टेड पेपर्स आणि व्हॉसव्ह्यूअर वापरून नकाशे काढले. एका बाजूला खारफुटी, क्षारता, कोळंबी, समुद्राची पातळी यांचा दाट पुंजका आला. दुसऱ्या बाजूला जमिनीची मालकी आणि इतिहास यांचे मोजके ठिपके. मधे सगळं मोकळं. हीच माझी रिसर्च गॅप, असं सिनॉप्सिसमध्ये लिहू का? गाईड म्हणतात, ही नुसती चित्रं आहेत, यांनी काही सिद्ध होत नाही. आणि यांतलं नेमकं कोणतं टूल धरावं?"

(इतर वाचकांसाठी: खाजन म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन, गावकारी म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणारी जुनी ग्रामसंस्था. कनेक्टेड पेपर्स आणि व्हॉसव्ह्यूअर ही लेखांमधली नाती चित्रात मांडणारी टूल्स, आणि सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा आराखडा.)

सिनॉप्सिसमध्ये तसं लिहू नका. निदान आज तरी नको.

नकाशात मोकळी जागा दिसली की तिचे दोन अर्थ संभवतात. एक, त्यावर खरोखरच कोणी लिहिलेलं नाही. दुसरा, लिहिलेलं आहे, पण नकाशा ज्या डेटाबेसवरून निघाला तिथवर ते पोचलेलं नाही. गोव्याच्या जमिनीवर, इतिहासावर, गावव्यवस्थेवर काम करणाऱ्या मुलांना मी ग्रंथपाल म्हणून वर्षानुवर्षं मदत करत आले आहे. आपल्या विषयांत बहुतेक वेळा दुसराच अर्थ खरा निघतो. तुमचे गाईड म्हणतात त्यातलं अर्धं अगदी बरोबर आहे: चित्राने काही सिद्ध होत नाही. पण कुठे शोधायचं आणि कशाबद्दल शंका घ्यायची, हे चित्र फार चांगलं सांगतं. त्यासाठी ते कशापासून बनलंय हे काढणाऱ्याला माहीत हवं. म्हणून टूल कोणतं, हा प्रश्न मी मागे ठेवते आणि आधी हे ठिपके जवळ-लांब कसे होतात ते सांगते.

दोन लेखांचं नातं ठरवायच्या दोन जुन्या रीती आहेत. 1963 साली केस्लर यांनी बिब्लिओग्राफिक कपलिंग मांडलं: दोन लेखांच्या संदर्भसूचीत जितकी नावं सामाईक, तितके ते लेख जवळचे. 1973 साली हेन्री स्मॉल यांनी को-सायटेशन मांडलं: दोन जुन्या लेखांचा उल्लेख नंतरचे लेखक जितक्या वेळा एकत्र करतात, तितके ते जवळचे. दोन पाहुण्यांना प्रत्येक लग्नाचं आमंत्रण बरोबरच जात असेल तर त्यांचा काहीतरी संबंध आहे हे आपण ओळखतो, तसंच हे. पहिलं नातं लेख छापला त्या दिवशी पक्कं होतं आणि पुढे बदलत नाही, त्यामुळे कालपरवाचे लेखही त्यात दिसतात. दुसरं वर्षागणिक बदलतं, आणि ज्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही तो लेख त्यात मुळी येतच नाही.

कनेक्टेड पेपर्स या दोन्हींचा मेळ घालून लेखांचं साम्य काढतं. म्हणून त्यात दोन ठिपक्यांमध्ये रेघ दिसली म्हणजे एकाने दुसऱ्याचा उल्लेख केला आहे, असं समजू नका. त्या दोघांनी एकमेकांची नावंही ऐकलेली नसतील. ठिपका मोठा म्हणजे सायटेशन, म्हणजे इतरांनी केलेले उल्लेख, जास्त, रंग गडद म्हणजे लेख अलीकडचा. तुम्ही मधला आलेख बघून थांबला असाल तर वरची दोन बटणंही दाबून बघा. 'प्रायर वर्क्स' मध्ये आलेखातल्या लेखांनी ज्यांना वारंवार आधार मानलं ती जुनी कामं मिळतात, 'डेरिव्हेटिव्ह वर्क्स' मध्ये त्यांच्यावर उभी राहिलेली नंतरची. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिलं बटण जास्त उपयोगी पडतं.

हे सगळं सिमॅण्टिक स्कॉलर या डेटाबेसवर उभं आहे. व्हॉसव्ह्यूअरला तुम्ही स्कोपसची फाईल दिली असेल किंवा ओपनअॅलेक्सची. हे सगळे लेखांच्या नोंदींचे डेटाबेस. ते संदर्भसूची यंत्राने वाचतात आणि प्रत्येक ओळ कोणत्या लेखाची, हे जुळवतात. लेखाला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, असेल तर जुळणी सोपी. नसेल तर लेखकाचं नाव, वर्ष, शीर्षक यांवरून अंदाज. अंदाज चुकला की ती ओळ नुसता मजकूर म्हणून पडून राहते, आणि मजकुरातून रेघ निघत नाही.

आता तुमच्याच विषयातला एक लेख घेऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, ग्रामसंस्थेवर 1947 साली मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये लेख लिहिला. पुढे 1962 मध्ये तो 'मिथ अँड रिॲलिटी' या त्यांच्या पुस्तकात प्रकरण म्हणून आला. गावकारीवर लिहिणारा कोणीही अभ्यासक कोसंबींपाशी आल्यावाचून राहत नाही. पण तळटीपांत ते कसे येतात बघा. कोणी 1947 चं जर्नल देतो, कोणी 1962 चं पुस्तक देतो आणि प्रकरणाचं नावच देत नाही, कोणी नंतरच्या आवृत्तीचं साल घालतो. वाचणाऱ्या माणसाला हे सगळं एकच. यंत्राच्या हिशेबी ही तीन वेगळी कामं झाली, आणि त्यातलं पुस्तक गावकारीपुरतं नाही. भारतीय संस्कृतीवरच्या इतर प्रकरणांसाठीही त्याचा उल्लेख जगभर होतो. त्यामुळे एकतर वजन विभागलं जाऊन कोसंबी तुम्ही ठेवलेल्या किमान उल्लेखांच्या मर्यादेखाली घसरतात आणि नकाशातून गळतात, नाहीतर पुस्तकाच्या रूपाने येतात आणि मिथककथांच्या पुंजक्यात जाऊन बसतात. खाजनापाशी ते दिसत नाहीत.

दुसरं उदाहरण तुमच्या मोकळ्या जागेच्या अगदी मधोमध बसणारं. जॅनेट रुबिनॉफ यांचा 'पिंक गोल्ड' हा लेख, 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली', मार्च 2001. विषय आहे खाजनातली मत्स्यशेती कशी बदलली: कोळंबीला भाव आला, मानशीवरच्या मासेमारीला महत्त्व आलं, आणि त्यातून बांध, भातशेती आणि कुळं यांच्यावर काय गुदरलं. (मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं भरती-ओहोटीनुसार उघडमीट होणारं दार, तुम्हाला माहीत आहे, इतर वाचकांसाठी सांगते.) कोळंबी तुमच्या डाव्या पुंजक्यात आहे आणि जमिनीवरचा हक्क उजव्या. हा लेख दोन्हींत पाय रोवून उभा आहे. तो तुमच्या नकाशात आहे का? मला वाटतं नसेल, कारण या साप्ताहिकाचे जुने लेख सायटेशनच्या जाळ्यात नीट ओवलेले नसतात. असेल तर तो किती लेखांना जोडलेला दिसतो ते बघा. दोन पुंजक्यांना जोडणारा पूलच डेटाबेसमधून गळला असेल, तर दरी दिसणारच.

याउलट संगीता सोनक यांचं खाजन परिसंस्थेवरचं पुस्तक 2014 साली स्प्रिंगरने काढलं. ते तुम्हाला ठळक दिसलं असेल. मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला डीओआय असतो, बहुधा प्रत्येक प्रकरणालाही वेगळा असतो, त्यामुळे एकच पुस्तक नकाशात अनेक ठिपके होऊनही येऊ शकतं. पुस्तक मोलाचं आहे, जरूर वाचा. पण ते मोठं दिसतं आणि कोसंबी दिसत नाहीत, यात विद्वत्तेचा काही निवाडा नाही. ते प्रकाशन-व्यवस्थेचं अंतर आहे.

आणि याच्या पलीकडचं साहित्य तर त्या डेटाबेसच्या गावीही नाही. फिलिप नेरी झेवियर यांनी 1852 मध्ये पोर्तुगीजमध्ये लिहिलेला कोमुनिदादींचा इतिहास. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर खपून छापून आणलेली दप्तरं आणि त्यांचं मराठीतलं लेखन. आफोंसु मेशियाचं 1526 चं फोराल, म्हणजे सनद, ज्यात गावकऱ्यांचे रिवाज पहिल्यांदा लेखी बांधले गेले. 1964 चा गोवा, दमण आणि दीव कृषी कूळ कायदा, ज्याने खाजनातले हक्क आणि बांधांची जबाबदारी यांचं गणितच बदललं. 2011 ची सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना, ज्यात गोव्यासाठी म्हणून खाजनांचा स्वतंत्र उल्लेख आहे. कायदा, अधिसूचना, दप्तर यांना सायटेशन नसतं. इतिहासाची इमारत मात्र त्यांच्यावरच उभी असते.

हे माझ्या जिव्हाळ्याचं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्या मुलांनी पडद्यावरचा नकाशा पाहून 'गोव्याच्या ग्रामसंस्थेवर फारसं काम झालेलं नाही' असं इंग्रजीत एक वाक्य लिहायचं, ते वाक्य प्रबंधात छापलं जायचं, आणि पुढच्याने तेच उचलायचं, हे मला फार लागतं. ज्यांनी पोर्तुगीज, मराठी, मोडी, कन्नडी वळणाची जुनी लिपी शिकून ही कागदपत्रं वाचली, त्यांची मेहनत अशा एका वाक्याने पुसली जाते.

आता तुमच्या व्हॉसव्ह्यूअरच्या नकाशाकडे. हा प्रोग्राम नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या नेस यान व्हॅन एक आणि लुडो वाल्टमन यांनी केला, त्यांचा त्यावरचा लेख 2010 चा आहे. फुकट आहे, लॅपटॉपवर चालतो. कीवर्डचा नकाशा काढताना तो तुम्हाला विचारतो, निदान किती वेळा आलेला शब्द घेऊ? आणि स्वतःहून 5 हा आकडा सुचवतो. हजारो लेख असतील तर 5 ठीक. खाजनावरचा तुमचा संच छोटा असणार, त्यात 'कोमुनिदाद', 'मानस', 'कूळ', 'बांध' हे शब्द प्रत्येकी दोन-तीनदाच आले असतील. सगळ्यांनी 'पुढे' चं बटण दाबलं तसं तुम्हीही दाबलं असेल तर हे शब्द तिथेच गळाले, आणि 'मँग्रोव्ह' आणि 'एस्च्युअरी' राहिले. तोच नकाशा मर्यादा 2 ठेवून पुन्हा काढा. गिचमिड होईल, पण काय गळालं होतं ते कळेल.

त्यातही खाजन या शब्दाची रोमन लिपीतली स्पेलिंगं निदान तीन-चार आहेत, कोमुनिदादची एका 'एम' ची आणि दोन 'एम' ची, पणजीची तर विचारायलाच नको. प्रत्येक स्पेलिंग वेगळा ठिपका होतं. यासाठी थिसॉरस फाईल करायची असते. साधी टेक्स्ट फाईल, दोन स्तंभ, मधे टॅब. पहिल्या ओळीत स्तंभांची नावं, 'लेबल' आणि 'रिप्लेस बाय', अर्थात इंग्रजी अक्षरांत. खाली डावीकडे सापडलेलं रूप, उजवीकडे तुम्हाला हवं ते एकच रूप. 'स्टडी', 'गोवा', 'इंडिया' असे निरुपयोगी शब्द काढून टाकायचे असतील तर उजवी बाजू रिकामी सोडायची. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते करण्याआधीचा नकाशा आणि केल्यानंतरचा नकाशा शेजारी ठेवून गाईडना दाखवा. चित्र कशाने बदलतं हे त्यांना एका नजरेत दिसेल, आणि तुम्ही चित्रावर भाळलेल्या नाही हेही.

नकाशा वाचताना आणखी दोन गोष्टी. वर-खाली, डावं-उजवं यांना काही अर्थ नाही, नकाशा आरशात उलटा केला तरी तोच राहतो. अर्थ फक्त अंतराला आहे. आणि रंगांचे गट निसर्गाने दिलेले नसतात. 'रिझोल्यूशन' नावाचा एक आकडा असतो, तो वाढवला की चाराचे सात गट होतात, कमी केला की दोन. 'या क्षेत्रात पाच प्रवाह आहेत' असं लिहिणाऱ्याने तो आकडा किती ठेवला होता ते सांगितलं पाहिजे. तुमचा दाट पुंजका आणि विरळ पुंजका हाही काही अंशी शोधशब्दांचा परिणाम असेल. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं मांडवी-झुआरीच्या मुखावर इतकं मोठं आणि इतक्या वर्षांचं काम आहे की तुमच्या शोधात 'एस्च्युअरी' किंवा 'मँग्रोव्ह' शब्द घातला असेल तर गाळ, धातू आणि प्लवकांवरचे लेख लोंढ्याने आत येतात आणि खाजन त्यात बुडून जातं. तुमची शोधओळ, म्हणजे डेटाबेसमध्ये शोधताना घातलेले नेमके शब्द, मला कळवली असती तर जास्त नेमकं सांगता आलं असतं.

मी विद्यार्थ्यांना एक चाचणी करायला लावते. नकाशा बघायच्या आधी, कागदावर, आपल्या विषयातली दहा कामं लिहून काढायची, जी नसतील तर रिव्ह्यू अपुरा राहील. लेख, पुस्तक, प्रबंध, अहवाल, कोणत्याही भाषेतलं. स्वतःला सुचत नसतील तर गाईडना विचारायची, त्यांना ती तोंडपाठ असतात. मग त्यातली किती नकाशात आहेत ते मोजायचं. आठ-नऊ असतील तर नकाशा बऱ्यापैकी भरवशाचा. दोन-तीनच असतील तर त्या नकाशातल्या मोकळ्या जागेवरून काहीही बोलायचं नाही. पर्यावरणाच्या बाजूची दहा आणि इतिहासाच्या बाजूची दहा अशा दोन याद्या करा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल, आणि तो फरकच सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याजोगा आहे.

आता नकाशातून गळलेलं कसं भरून काढायचं ते. पहिला उपाय ओपन नॉलेज मॅप्स. व्हिएन्नाची ना-नफा संस्था चालवते. तुम्ही विषय लिहायचा, ते सगळ्यांत संबंधित अशी शंभर कामं निवडून शब्दांच्या साम्यावरून फुग्यांमध्ये मांडतं. सायटेशनचा संबंध नाही, त्यामुळे ज्याचा कोणी उल्लेख केलेला नाही असं कामही येऊ शकतं. शिवाय त्यात बीलेफेल्ड विद्यापीठाच्या 'बेस' या शोधयंत्राचा पर्याय आहे, जे जगभरच्या संस्थांच्या रिपॉझिटरींमधून, म्हणजे ऑनलाइन साठ्यांमधून, नोंदी गोळा करतं, म्हणजे प्रबंध, अहवाल, कार्यपत्रिकाही. फुग्यांची नावं यंत्र ठेवतं, ती फार मनावर घेऊ नका. आत काय आलंय ते बघा.

दुसरा उपाय मला सगळ्यांत फलदायी वाटतो, आणि त्याकडे मुलं ढुंकूनही बघत नाहीत. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो, आणि संदर्भसूचीची फाईल बहुधा स्वतंत्र असते. गोव्याच्या जमिनीवर, कोमुनिदादवर, खाजनावर जे प्रबंध सापडतील त्यांच्या फक्त संदर्भसूच्या उतरवून घ्या. तीन-चार सूच्या शेजारी ठेवल्या की कोणती नावं प्रत्येकात आहेत ते डोळ्यांनीच दिसतं. हेच को-सायटेशन, हाताने केलेलं, आणि यात पोर्तुगीज, मराठी, सरकारी अहवाल सगळं येतं, कारण माणसाने लिहिलेली सूची डीओआय विचारत नाही. मजकूर कॉपी होत असेल तर तो 'एनीस्टाईल' मध्ये टाकून त्याचे लेखक-वर्ष-शीर्षक असे भाग पाडता येतात आणि बिबटेक स्वरूपात झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये घेता येतात. पोर्तुगीज नावांवर ते अडखळतं, तेव्हा प्रत्येक नोंद तपासा. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर सरळ टाईप करा.

झोटेरोत या नोंदी आल्या की प्रत्येकीला स्वतःचे टॅग लावा: 'खाजन', 'बांधांची डागडुजी', 'मानशीची पावणी' (म्हणजे लिलाव), 'कूळ', 'कोळंबी', 'क्षारता'. हे टॅग इंग्रजीत किंवा रोमन लिपीत लावा आणि सगळ्या नोंदींना तेच ठरावीक शब्द वापरा. मग संच आरआयएस या संदर्भनोंदींच्या फाईल-स्वरूपात निर्यात करा. टॅग त्यात कीवर्ड म्हणून उतरतात, आणि व्हॉसव्ह्यूअर ती फाईल घेऊन कीवर्डचा नकाशा काढून देतं. शीर्षकांतून आपोआप शब्द उचलायची सोयही त्यात आहे, पण ती इंग्रजी मजकुरापुरती. 1852 च्या पोर्तुगीज पुस्तकाला आणि मराठी लेखाला नकाशात जागा मिळवून द्यायची तर टॅगचीच वाट धरावी लागते. आरआयएस फाईलमध्ये संदर्भसूच्या नसतात, म्हणून कपलिंग किंवा को-सायटेशनचा नकाशा त्यातून निघणार नाही. स्कोपसची फाईल घेतानाही संदर्भांच्या चौकटीवर खूण करायची राहिली की हेच होतं.

सायटेशनचं जाळंच हवं असेल तर पन्नास-साठ महत्त्वाची कामं निवडून ते हाताने बांधा. एक स्प्रेडशीट, दोन स्तंभ: 'सोर्स' मध्ये उल्लेख करणारा, 'टार्गेट' मध्ये ज्याचा उल्लेख झाला तो. कोसंबींची सगळी रूपं एकाच नावाखाली. ही फाईल गेफी या फुकटच्या प्रोग्राममध्ये उघडली की जाळं तयार. कंटाळवाणं काम आहे, कारण प्रत्येक कामाच्या तळटीपा उघडून बघाव्या लागतात. पण त्या बघताना तुमचा रिव्ह्यू अर्धा होऊन जातो. पर्यावरणाच्या बाजूचा कोणता लेख कोमुनिदादच्या इतिहासासाठी कोणाला उद्धृत करतो, की कोणालाच करत नाही, हे तुम्हाला तिथे कळेल. माझा कयास असा की दोन्ही बाजूंनी लिहिलेलं भरपूर सापडेल, आणि खरी उणीव वेगळीच असेल: शास्त्रज्ञांचे लेख जुन्या पोर्तुगीज आणि मराठी साधनांपर्यंत जात नाहीत, आणि इतिहासकारांचे लेख क्षारतेच्या मोजमापांपर्यंत जात नाहीत. तसं निघालं तर ती गॅप तुमची, आणि ती तुम्ही तळटीपा दाखवून मांडू शकाल.

यासाठी पडद्यासमोरून उठावं लागेल. पाटोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची सुरुवात 1832 ची आहे, तिथला गोव्याविषयीचा आणि दुर्मिळ ग्रंथांचा विभाग. पणजीचं पुराभिलेख खातं. पर्वरीचं झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च. गोवा विद्यापीठाची आणि समुद्रविज्ञान संस्थेची रिपॉझिटरी मात्र घरबसल्या बघता येतात. ग्रंथालयात जाताना नुसता विषय घेऊन जाऊ नका, हाताने बनवलेल्या सूचीतली नावं घेऊन जा. 'खाजनावर काही आहे का' असं विचारलं तर कॅटलॉगमध्ये दोन पुस्तकं निघतील. अमुक लेखक, अमुक साल म्हणून विचारलंत तर काउंटरवरचा माणूस स्वतः उठून आतून काढून देईल.

बाकीच्या टूल्सबद्दल थोडक्यात. लिटमॅप्स वर्षांच्या अक्षावर लेख मांडतं, त्यामुळे चर्चा कधी सुरू झाली आणि कधी थंडावली ते बरं दिसतं. रिसर्चरॅबिट तुमच्या संचासारखे नवे लेख सुचवत राहतं, सूचना चालू ठेवण्यापुरतं चांगलं. चाओमेई चेन यांचं साईटस्पेस आणि आर भाषेतलं बिब्लिओमेट्रिक्स ही भारी अवजारं आहेत, स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सच्या मोठ्या संचांसाठी. तुमच्या विषयाला त्यांची गरज नाही. तुम्ही कनेक्टेड पेपर्स ओळख करून घेण्यासाठी ठेवा आणि मुख्य काम झोटेरो, व्हॉसव्ह्यूअर आणि ती दोन स्तंभांची फाईल यांवर करा. पूर्ण लेख वाचायला मिळणं आता पूर्वीइतकं कठीण नाही. 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली झाली. विद्यापीठाच्या लॉगिनने ती बघा. सारांश वाचून ठिपका 'वाचला' असं मानू नका.

सिनॉप्सिसमध्ये नकाशा घालायचाच असेल तर त्याच्याखाली हे लिहा: डेटाबेस कोणता, शोधओळ जशीच्या तशी, शोधाची तारीख, किती नोंदी मिळाल्या, किमान मर्यादा किती ठेवली, थिसॉरसमध्ये कोणते शब्द एकत्र केले. त्याखाली दहा-दहाच्या त्या दोन याद्यांचा निकाल. मग वाक्य असं येईल की, आंतरराष्ट्रीय डेटाबेसांवरून काढलेल्या नकाशात पर्यावरणीय लेखन दाट आणि ग्रामसंस्थेवरचं लेखन विरळ दिसतं, परंतु त्या डेटाबेसांत पोर्तुगीज आणि मराठी साधनं व सरकारी दस्तऐवज येत नसल्याने स्थानिक संदर्भसूच्यांवरून दुसरं जाळं बांधलं, आणि त्यात अमुक दिसलं. या वाक्याला तुमचे गाईड हरकत घेतील असं मला वाटत नाही.

आणि एक विनंती. ती हाताने बांधलेली सूची आणि दोन स्तंभांची फाईल प्रबंध सादर झाल्यावर लॅपटॉपमध्ये पडू देऊ नका. सर्न चालवत असलेल्या झेनोडोवर ती फुकट ठेवता येते, आणि तिला डीओआय मिळतो. वर्णन इंग्रजी आणि मराठी दोन्हींत लिहा, कोसंबींच्या लेखाची सगळी रूपं त्यात नोंदवा, खाजनाची सगळी स्पेलिंगं कीवर्डमध्ये घाला. गाईडची परवानगी आधी घ्या, आणि फाईल ठेवतानाच परवाना निवडा, म्हणजे पुढच्याला ती वापरायला तुम्हाला विचारत बसावं लागणार नाही.